मनातला कौल

मंगळवार, २२ नोव्हेंबर २०२२

आज माझी आणि जाखमातेची, दोघांचीही गावात शोभा झाली.

स्वप्निल रेवदंडा-अलिबाग मिनिडोर रिक्षा चालवतो. सकाळी पहिल्या फेरीआधी देवळात आला नि म्हणाला, "गुरवकाका, कौल लावा. आज अर्जेंटिना जिंकेल का?" मी म्हटलं, अरे गाढवा, ही गावदेवी आहे. लोक हिला पोरीचं लग्न विचारतात, विहिरीला पाणी लागेल का विचारतात, आणि तू फुटबॉल विचारतोस? तर म्हणतो, "देवीला काय जड हाय?" म्हटलं, घे बाबा. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. आज्यापासून आमच्या घराण्याकडे हेच काम. उजवी पडली. स्वप्निल उड्या मारत गेला.

दुपारी साडेतीनला सगळी पोरं आमच्या ओटीवर. लेकीने, कल्पिताने, दिवाळीत घेऊन दिलेला टीव्ही मोठा आहे, त्याला स्वप्निलने मोबाईल जोडला. अर्जेंटिना हरली. कोणाशी, तर सौदीशी! अर्जेंटिनाचे तीन गोल तर ऑफसाइड म्हणून धरलेच नाहीत. आमच्या गावच्या टीमचा गोलकीपर हर्षद म्हणतो, "काका, देवीला ऑफसाइड न्हाय कळत." ओटीभर हशा. मला असा संताप आला की उठून देव्हाऱ्यापुढे जाऊन बसलो.

येसू पोरांना चहा देता देता तोंडाला पदर लावून हसत होती. नवऱ्याची फजिती झाली की बायकोला गंमत वाटतेच. चहा देऊन झाला नि भिंतीला टेकली. हल्ली सारखी टेकते.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

अलिबागला जाऊन आलो. दिवाळीपासून येसूचं पोट फुगलेलं आहे. दोन घास खाल्ले की बस म्हणते. मी म्हणत होतो वात आहे, ओवा चाव. पण कल्पिता ऐकेना. ती अलिबागला कोर्टात क्लार्क आहे, सुट्टी काढून आईला डॉक्टरकडे नेलंच. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंडाशयावर गाठ दिसते आहे, पोटात पाणीही झालंय. मुंबईला मोठ्या रुग्णालयात न्या. वेळ घालवू नका." मी विचारलं, कसली गाठ? म्हणाल्या, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण हे बोलताना बघत होत्या कल्पिताकडे.

बाहेर आल्यावर कल्पिता म्हणाली, "उद्याच जाऊ." येसू म्हणते, "हा फुटबॉल संपू दे. पोरं ओटीवर येतात, घर भरल्यासारकं वाटतं. मंग जाऊ." कल्पिताला रडू फुटलं. "आई, अगं काय बोलतेस तू!" मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, तिच्या मनाने घेऊ दे, जबरदस्ती नको.

इथे खोटं कशाला लिहू? मला हायसं वाटलं. मुंबईचं नावच मला नको वाटतं. माझी आई अशीच तपासायला म्हणून नेली होती, ती लाँचने परत आली ती झाकून. येसू घरात हिंडतेफिरते, हसते, तोवर ती बरी आहे असं मला वाटून घेता येतं.

रविवार, २७ नोव्हेंबर

येसूला टीम मिळाली. मोरोक्को! हे गाव आहे की देश हे मला आजवर माहीत नव्हतं. स्वप्निल म्हणतो, आफ्रिकेत, वरच्या बाजूला. त्यांनी बेल्जियमला दोन गोलांनी लोळवलं. मॅच संपल्यावर त्यांचा एक खेळाडू प्रेक्षकांत गेला आणि आईला जवळ घेतलं. आईने त्याचा मुका घेतला, त्याने आईच्या कपाळाचा. येसू कोपऱ्यात वाल सोलत होती, तिच्या मांडीवरचं ताट तसंच राहिलं.

"अगो बाय! आई मॅच बघाया आली. नायतर आमची पोरं! मॅच असली की आईला म्हणतात डबा दे."

हर्षद म्हणाला, "काकी, पुढच्या मॅचला तुमालाच नेतो."

"मला नको रे, मी तुज्या अंगावरनं गोल गेल्याव शिव्या देईन."

पोरं लोळलीच. येसू पोरांत अशी रमते की मला तिचा हेवा वाटतो. मी बोललो की पोरं उठून सरळ बसतात, ती बोलली की पसरतात.

जेवायला बसली तेव्हा भात चिवडला नि उठली.

शुक्रवार, २ डिसेंबर

मोरोक्कोने कॅनडालाही हरवलं. येसू खूश. माझा कौलही आता बरा चालला आहे. जर्मनी गेली तशी पोरं माझ्या पाया पडायला आली, कारण डावी कळी पडली होती. बोलाफुलाला गाठ पडली म्हणा, पण छाती फुगते हे खरं. परवा तर शेजारच्या वाडीतला एक जण नारळ घेऊन आला, ब्राझीलचं विचारायला.

दुपारी कल्पिताचा फोन. पोर भांडलीच. "बाबा, आईचं तुम्ही कौलावर ठेवलंय का? देवी हो म्हणाली तरच न्यायचं असं आहे का?" मी म्हटलं, तुला गुरवाच्या घरात वाढून एवढंही कळत नाही? गुरवाने आपल्या घरचा कौल आपल्या हाताने लावायचा नसतो. मन ओढतं, हात ढळतो. त्याला पलीकडच्या गावचा गुरव आणावा लागतो. "मग आणलात?" म्हणाली. नाही आणला. कौल डावा लागला तर काय करू, आणि उजवा लागून मुंबई ठरली तर काय करू? तिला एवढंच म्हटलं, बघू. तिने फोन ठेवला.

बुधवार, ७ डिसेंबर

काल मोरोक्कोने स्पेनला पेनल्टीवर काढलं. स्पेनला एक गोल मारता येईना! ओटी दणाणली. येसू उशी पोटाशी धरून बसली होती. पेनल्टीच्या वेळी डोळे मिटून घेतले आणि स्वप्निलला म्हणाली, "तू बघ नि मला सांग."

सगळे गेल्यावर स्वप्निल मागे थांबला. तोंडाने फटकळ पोरगा, पण मान खाली घालून म्हणाला, "काकी, आता चला ना. मी गाडीने मांडव्याला सोडतो, तिथनं बोट. मॅच काय, तिकडं पन टीव्ही हाय." येसूने उशी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बरं. शनवारची मॅच बघते. सोमवारी जाऊ."

कल्पिताला लगेच फोन केला. तिने सोमवारचा नंबर लावला. मुंबईची धास्ती आहेच, पण ठरलं ते बरं झालं. सोमवार, १२ तारीख.

रविवार, ११ डिसेंबर

कालचं सगळं लिहितो.

शनिवारची मॅच मोरोक्को आणि पोर्तुगालची. मी चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगून बसलो होतो की पोर्तुगालच जिंकणार. अरे, रेवदंड्याचा कोट बांधणारी माणसं ती, समुद्र ओलांडून इथवर आली, ती काय ह्या मोरोक्कोकडून हरणार? हर्षद म्हणाला, "काका, कोट बांधनारे मेले, आता खेळनारे बघा." माझी जिद्द वाढली.

सकाळी येसू न्हाऊन देवळात आली. किती दिवसांनी चढण चढून आली. धाप लागली होती, खांबाला धरून उभी राहिली. म्हणाली, "मलाबी कौल हवा. मनातला."

मनातल्या कौलात विचारणाऱ्याने प्रश्न बोलायचा नसतो. गुरवाने नुसतं म्हणायचं, आई, हिच्या मनात जे असेल त्याचा जाब दे. मी हसून म्हटलं, "मोरोक्कोचं ना?" तर म्हणाली, "लावा तुमी."

आता ओटीवरच्या पोरांना हिनेच सांगितलं असतं, देवीने मोरोक्कोला हो म्हटलं म्हणून. मग टपरीवर माझी काय पत राहिली असती? म्हणून डाव्या कळीला पाणी जरा कमी लावलं आणि बोटही हलकंच टेकवलं, म्हणजे तीच आधी पडेल. फुटबॉलचं काय, गंमत ती. तरी डावी लवकर पडेना. येसू हात जोडून डोळे मिटून उभी. एवढं एका मॅचसाठी! मला हसू येत होतं. शेवटी पडली डावीच. तिने डोळे उघडले, खाली पडलेल्या कळीकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." पाया पडली, आणि मला न सांगता एकटीच उतरून गेली.

आणि रात्री? मोरोक्को जिंकलं! एक गोल. पोर्तुगालचा तो मोठा खेळाडू रडत आत गेला. मोरोक्कोचा एक जण मैदानात आईबरोबर नाचला. पोरांनी माझी इतकी थट्टा केली की पुरे. मी येसूला म्हटलं, "बघितलंस? तुझी देवी चुकली!" ती म्हणाली, "देवी न्हाय चुकत."

पुढे म्हणते, सोमवारी मुंबईला नको. फायनल झाल्यावर जाऊ. मोरोक्को पुढे गेलं ना, आता हिला सगळं बघायचं! फुटबॉलचं असं वेड मी पोरांतही पाहिलं नाही. कल्पिताने फोनवर विनवण्या केल्या. येसूचं एकच, "मला जरा दिस दे गो."

मंगळवार, १३ डिसेंबर

येसूने मला घरात राबवायला घेतलं आहे. काल भात करायला लावला. तांदळावर बोटाच्या पेराएवढं पाणी म्हणे. माझ्याने गिचका झाला तर परत करायला लावला. आज बिरडं. वाल सोलताना माझी नखं दुखली. मी म्हटलं, तू आहेस ना करायला? तर स्टुलावर बसून हुकूम सोडते, "कांदा बारीक. अजून बारीक." गॅसची टाकी बदलायची कशी, रक्तदाबाची गोळी सकाळची कुठली नि रात्रीची कुठली, धोतरं कुठे, पुढे कधी कल्पिताच्या डोहाळजेवणाला द्यायची साडी कुठे ठेवली, सगळं तोंडपाठ म्हणून घेते. शाळेत असं कोणी छळलं नव्हतं.

स्वप्निललाही म्हणाली, "मॅची संपल्या तरी ओटीवर येत जा रे. काकांना बोलायला कोन न्हाय." मला राग आला. मी काय पोरांच्या तोंडाकडे बघत बसतो का? हिला आजारपणात हेकेखोरपणा आला आहे. चिडून म्हटलं, "एवढी ताकद आहे तर मुंबईला चल." ती स्टूल धरून उठली.

गुरुवार, १५ डिसेंबर

मोरोक्को हरलं, फ्रान्सने काढलं. सकाळी सांगायचं म्हणून मी आत गेलो. येसूने विचारलंच नाही. मीच म्हटलं, "हरली गं तुझी पोरं." म्हणाली, "हां? बिचारी." आणि म्हणाली, आज डाळ तुम्ही एकट्याने करा, मी इथूनच सांगते.

आता तरी चल म्हटलं. "फायनल होऊ दे."

मला समजेना. आता हिची टीम नाही, कुणाची फायनल बघणार ही?

सोमवार, १९ डिसेंबर

काल फायनल. ओटीवर जत्रा. अर्जेंटिना, फ्रान्स, परत अर्जेंटिना, परत फ्रान्स, मग पेनल्टी. अर्जेंटिना जिंकली तेव्हा स्वप्निल माझ्या गळ्यात पडून रडला. सगळे म्हणत होते असली मॅच जन्मात बघितली नाही.

येसूने बघितली नाही. आत पडून होती. मी एकदा डोकावलो, हाक मारली, तर म्हणाली, "वरडू द्या पोरांना. बरं वाटतं."

आज सकाळी स्वतः म्हणाली, "चला." लुगडं बदलताना तिला कमरेत धरावं लागलं. सगळं अंग सुकलं आहे आणि पोट मात्र टंच. मी काय बघत होतो इतके दिवस? टीव्ही बघत होतो.

शुक्रवार, २३ डिसेंबर, मुंबई

गाठ कॅन्सरची आहे. पसरली आहे, आतड्यांवर, यकृतावर. आता चिरून उपयोग नाही म्हणतात. पोटातलं पाणी काढलं. डॉक्टर तरुण आहेत, बोलायला बरे. कागद उलटसुलट करून म्हणाले, "सोनोग्राफी तर महिन्याभरापूर्वीची आहे. मधे काय झालं?"

कल्पिता म्हणाली, "घरात अडचण होती." माझ्या लाजेवर तिने पांघरूण घातलं. मी जिन्यात जाऊन रडलो. परत आलो तेव्हा कल्पिता डॉक्टरांना विचारत होती, आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "आता ते विचारून काय करायचं?"

रविवार, ८ जानेवारी २०२३

घरी आणलं. येसूलाच घरी यायचं होतं. ओटीवर ऊन येतं तिथे खाट टाकली आहे. कल्पिता रजा घेऊन आली आहे. स्वप्निल रोज येतो, ताडगोळे अजून मिळत नाहीत म्हणून शहाळं आणतो.

आज दुपारी मी तिला पेज भरवत होतो. मी केलेली. दोन चमचे गेली. आज जरा तरतरी होती, म्हणून गंमत करावी म्हणून म्हटलं, "तुझी ती मोरोक्को जिंकली, आणि कौल तर डावा होता. देवी चुकली, कबूल कर."

म्हणाली, "मी मोरोक्कोचं कुटं विचारलं?"

"मग?"

"मी विचारलं, मुंबयला जाऊन मी माघारी न्हाय आले, तर ह्यांचं निभेल का?" दम घेऊन म्हणाली, "घरचा कौल तुमच्या हातनं लावू न्हाय, ठाऊक हाय मला. पन पलीकडच्या गावाला चालत जायाची ताकद कुटं होती? देवी न्हाय म्हनाली. मंग म्हटलं, आदी ह्यांना जरा शिकवते, मंग जाते. तुमाला तर चहाबी येत नव्हता."

माझ्या हातात चमचा तसाच. मी काही न बोलता उठून जाऊ शकलो असतो. झाकली मूठ झाकलेली राहिली असती. पण तोंडातून निघूनच गेलं. म्हटलं, "येसू, ती डावी कळी मी सैल लावली होती. मुद्दाम. पोर्तुगालसाठी."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. 

"म्हंजे देवी काय बोललीच न्हाय."

"नाही."

"मंग मी सोमवारीच गेले असते हो."

रागाने नाही म्हणाली. एसटी दुसऱ्या थांब्यावरून सुटली असं कोणी मागाहून सांगावं आणि आपण 'असं होय' म्हणावं, तसं. मी तिचे पाय धरले. डोकं टेकलं, उचलेना. ती म्हणाली, "सोडा. पाय दुखतात." मी सोडले. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पोर्तुगाल हरलं ना पन?"

"हरलं."

"बरं झालं." आणि हसली. हसल्याने पोटात कळ आली, कल्पिता धावत बाहेर आली, काय झालं म्हणून विचारायला लागली. आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही.

शनिवार, २१ जानेवारी

येसू गेली. सकाळी, चहाच्या वेळेला. कल्पिता तिच्याजवळ होती, मी आत गॅसपाशी.

शनिवार, ४ फेब्रुवारी

सुतक फिटलं. इतके दिवस सदा, माझा मावसभाऊ, देवीची पूजा करत होता. आज मी देवळात गेलो. कल्पिता काल अलिबागला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." नको म्हटलं. स्वप्निल, हर्षद येऊन बसतात, पण बोलत नाहीत, मोबाईल बघतात. मला ते चालतं. घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येतो एवढंच पुरे.

रात्री झोप लागत नाही. एकच विचार. ती सोमवारी गेली असती तर? डॉक्टर काही बोलले नाहीत. कल्पिता विचारत नाही, तिला कळीचं माहीतच नाही. गावात कोणाला विचारू?

देवळात कोणी नव्हतं. मी कळ्या घेतल्या. घरचा कौल आपल्या हाताने लावू नये हे मला येसूपेक्षा जास्त ठाऊक आहे. पण पलीकडच्या गावच्या गुरवाला काय सांगणार होतो? दोन्ही कळ्या एकाच भांड्यात एकाच वेळी बुडवल्या. दोन्हींना सारखं पाणी, सारखं बोट. आयुष्यात इतका खरा कौल मी कोणासाठी लावला नसेल. म्हटलं, आई, ती सोमवारी गेली असती तर वाचली असती का? खरं सांग.

आणि समोर बसलो. पाणी सुकत चाललं. उजव्या कळीची कड सुटल्यासारखी दिसली. मग वाटलं डावीची सुटते आहे.  उजवी पडली तर मी जगू कसा? आणि डावी पडली, तर ती जाणारच होती म्हणून मला बरं वाटेल, आणि ते बरं वाटणं मला नको होतं.

मी उठलो. देवीच्या दोन्ही खांद्यांवरच्या कळ्या हाताने काढून घेतल्या, दाराला कडी लावली आणि घरी आलो.